कवळी, कावळा आणि वावडिंग

वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, वर्षश्राद्धाला महिना उरला होता, तेव्हा दीपमालानं घरात जाहीर करून टाकलं, की त्या दिवशी माहेरी देवगाव रंगारीला ती सगळ्या भावकीसमोर पंगतीत बसून पुरणपोळी खाईल. दुधात कुस्करून नाही. तुकडा मोडून, माणसासारखी.

नवऱ्यानं ताटातून मान वर केली आणि तिच्या पुढ्यातल्या वाटीकडं बघितलं. वाटीत मऊ भात होता. काल खिचडी होती, परवा शिरा होता. त्यानं आपली भाकरी जरा हळू आवाजात खाल्ली, एवढंच.

बेत तसा साधाच वाटेल. ज्याचा जबडा धड आहे त्याला सगळेच बेत साधे वाटतात.

दीपमाला देशमाने सिडकोतल्या एका शाळेत मराठी शिकवायची. वाचनाची अशी सवय, की औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा प्रस्तावनेसारखं वाचायची. आबा गेले आणि महिनाभरात तिच्या उजव्या कानात ठणका सुरू झाला. कानाच्या डॉक्टरांनी कान धुऊन दिला. कान लख्ख झाला, ठणका तिथंच. मग दुखणं कपाळात चढलं. चष्म्याचा नंबर बदलून झाला. आता दुखत असताना सगळं जास्त स्पष्ट दिसायला लागलं. मग ते गालात उतरलं, तेव्हा एकानं चांगली दाढ उपटायची तयारी केली. त्याच्या खुर्चीतून ती गळ्यातल्या कागदी रुमालासकट उठून आली.

शेवटी डॉक्टर मेघा भेटल्या. त्यांनी तिच्या दोन्ही कानांपुढं बोटं टेकवली आणि सावकाश तोंड उघडायला सांगितलं. कट् असा आवाज झाला. बाहेर बाकावर बसलेल्या माणसानं दाराकडं बघितलं.

"दुखणं कानात नाही आणि दातांतही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बिजागरीत आहे. दार चांगलं, चौकट चांगली, बिजागरी कुरकुरतेय. झोपेत दात आवळता तुम्ही. घासताही. कसला ताण आहे का?"

"नाही," दीपमाला दात आवळून म्हणाली.

डॉक्टरांनी ते बघितलं आणि पुढचं सांगितलं. हे दुखणं एका गोळीनं जाणारं नाही, सांभाळून घ्यायचं आहे. कडक आणि चिवट काही खायचं नाही. भाकरी, शेंगदाणे, सुपारी बंद. सकाळ-संध्याकाळ शेक. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची, म्हणजे जबडा एकदम निखळल्यासारखा उघडणार नाही. दिवसभर एकच जप करायचा: ओठ मिटलेले, दात सुटलेले. आणि रात्री दातांवर एक पारदर्शक, घोड्याच्या नालेसारखी पट्टी बसवायची. तिला स्प्लिंट म्हणतात. बऱ्या माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात, दीपमालाच्या तोंडात दीड मावली. दुसऱ्या बोटाचा अर्धा भाग बाहेरच राहिला.

तिनं सगळं मनावर घेतलं. वर्गात मुलं कविता वाचायला लागली की तिला जांभई यायची आणि मूठ हनुवटीखाली जायची. मॅडम अलीकडं फार खोल विचार करतात, असं मुलांचं मत झालं.

इथवर ठीक होतं. बिघडलं ते नवऱ्यानं सासूला फोन केला तिथून. त्यानं सरळ मनानं सांगितलं, की दीपा रात्रभर दात खाते.

"कुणावर?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

जावयानं फोन ठेवला. या प्रश्नाचं उत्तर कुठलाही नवरा फोनवर देत नसतो.

तिसऱ्या दिवशी मनकर्णाबाई पिशवी घेऊन एसटीतून उतरल्या. पिशवीत लिंबं होती, तूर होती आणि पुडीत वावडिंग होतं. झोपेत दात खाणं म्हणजे पोटात जंत, आणि जंतांवर वावडिंग, हे त्यांच्या लेखी सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं. लेक पंचेचाळीस वर्षांची आहे याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. "जंताला काय वय कळतंय व्हय?" असं म्हणून त्यांनी लेकीला अनशापोटी वावडिंगाचा काढा दिला. दीपमालानं तो घेतला. नाही म्हणायला तोंड जास्त उघडावं लागलं असतं.

मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून त्या गालाला शेक द्यायच्या, तो मात्र खरंच बरा वाटायचा. दीपमालानं डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी शेक चालू ठेवायला सांगितलं. वावडिंगाचं तिनं विचारलं नाही.

असे दोन-तीन दिवस गेले. मग एका सकाळी मनकर्णाबाई तोंड धुवायला बेसिनपाशी गेल्या आणि तिथल्या फळीवर त्यांना एक स्टीलचा पेला दिसला. तो पेला आंधळ्यानंसुद्धा ओळखला असता. तो त्यांनीच वैजापूरच्या बाजारातून आणला होता आणि त्यावर यंत्रानं 'सांडू' असं आबांचं नाव घालून घेतलं होतं. नवऱ्याच्या मानासाठी नव्हे, तर त्यात चुकून कुणी पाणी पिऊ नये म्हणून. कारण रोज रात्री आबा आपली कवळी त्या पेल्यात ठेवायचे.

मनकर्णाबाईंनी पेल्यात बघितलं. पाण्यात दात होते.

आता कवळीचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं उलगडणार नाही.

आबा गेले ते शहरातल्या दवाखान्यात. नर्सनं त्यांची कवळी काढून, कागदात गुंडाळून, जवळ उभ्या असलेल्या दीपमालाच्या हातात दिली आणि तिनं ती पर्समध्ये टाकली. पुढं गर्दीत, गाडीत, रडारडीत ती तिथंच राहिली. दहाव्याला कायगाव टोक्याला नदीकाठी पिंड ठेवले आणि कावळा काही शिवेना. भाऊ शिवराज हात जोडून एकेक कबूल करत गेला. मायला सांभाळीन, बहिणीला अंतर देणार नाही, बांधावरचं भांडण मिटवीन. शेवटी त्यानं तंबाखूही सोडली. कावळे पलीकडच्या लिंबावर बसून ऐकत होते. उतरला एकही नाही. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि त्याच्याकडून काम उरकून घेतलं. संध्याकाळी कुणीतरी सहज म्हणालं, "आबांची कवळी गं कुठंय?" आणि मनकर्णाबाई मटकन खाली बसल्या. बिनदाताचा माणूस वर पाठवला. त्याच्यापुढं वडे ठेवले. मग कावळा कशाला शिवेल?

तेव्हापासून त्यांनी घर उपसलं होतं. गादीतला कापूस काढून झाला होता. दीपमालाला कवळी सापडली ती त्यानंतर आठ दिवसांनी, पर्समधली किल्ली शोधताना. तेव्हाच मायला फोन करायचा, हे तिला कळत होतं. तिनं फोन हातात घेतलाही. पण फोन केला की कवळी टोक्याच्या पाण्यात जाणार, हेही कळत होतं. आबांचं हसणं ज्यात राहिलं होतं अशी एवढी एकच वस्तू होती. घड्याळात माणूस हसत नाही. तिनं कवळी चष्म्याच्या डबीत ठेवली आणि डबी पुस्तकांच्या कपाटात शब्दकोशांच्या मागं, जिथं घरातल्या कुणाचा हात जाण्याची भीती नव्हती. दवाखान्यातून तिच्याकडंच आलेला पेला तेवढा वापरात राहिला. आपली स्प्लिंट ती त्यात ठेवायची. तेवढीच सोबत.

म्हणून त्या सकाळी बेसिनवरच्या पेल्यात होती ती दीपमालाची स्प्लिंट. मनकर्णाबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. त्यांनी पेल्यावरचं नाव चाचपलं, आत बोट घालून दातांचे खळगे चाचपले, आणि त्यांचा हिशेब पुरा झाला. त्यांनी शिवराजला फोन लावला.

दीपमाला दुपारी शाळेतून आली, तर माय घरात नव्हती. शिवराज गाडी घेऊन आला होता, दोघं देवदर्शनाला गेलेत, असं नवऱ्यानं सांगितलं. तिनं बरं म्हटलं. रात्री पेला हातात घेतला तर तो घासूनपुसून पालथा घातलेला, स्प्लिंट गायब, आणि शिवराजचा फोन लागेना.

मग घर उपसायची पाळी तिची. बेसिन, मोरी, फ्रीज, नवऱ्याचे खिसे. नवऱ्याला विचारलं, तर तो आठवत म्हणाला, की सकाळी बेसिनवर एक ओला कागद होता, तो त्यानं कचऱ्यात टाकलाय. कागदात काय होतं? ते बघितलं नाही. रात्रभर दीपमालानं स्प्लिंटशिवाय दात खाल्ले, आणि कुणावर ते यावेळी नवऱ्याला पक्कं माहीत होतं. सकाळी तोंड उघडून बघितलं तर एक बोट जेमतेम जात होतं. तेवढ्यात खाली घंटागाडी गाणं वाजवत आली आणि नवऱ्यानं इमानानं कचऱ्याची बादली नेऊन तिच्यात ओतली.

दीपमाला गाऊनवर ओढणी घेऊन धावली. थांबा म्हणायला आ करावा लागतो. तो होईना. दातांच्या फटीतून "ऊं, ऊं" असा आवाज निघाला आणि घंटागाडीच्या गाण्यात विरून गेला. कोपऱ्यावर गाडी वळताना तिनं ती गाठली आणि चालकाला खुणा केल्या. आधी स्वतःच्या दातांकडं बोट, मग कचऱ्याकडं.

"दाँत गुम गये क्या मॅडम के?" चालकानं विचारलं.

तिनं जोरजोरात मान डोलावली. त्यानं गाणं बंद केलं, मनापासून हळहळला आणि समोरच्या ओट्यावरच्या बायकांना हाक मारून सांगितलं, की मॅडमची बत्तीशी कचऱ्यात पडली, जरा हात लावा. बायका काठ्या घेऊन आल्या. एकीनं हातमोजे चढवले. कुणी म्हणालं, एवढ्या लवकर सगळे पडले? कुणी म्हणालं, शिकवून शिकवून झिजले असतील. ज्यांच्या मुलांना ती शिकवत होती त्या दोघी तिच्या तोंडाकडं असं बघत होत्या, जणू तिनं वर्षभर आपल्याला फसवलं. कचऱ्यात कांद्याची सालं निघाली, तुटका कंगवा निघाला आणि ओला कागद निघाला. त्यात पोळीचा तुकडा होता. स्प्लिंट काही नव्हती. दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं होतं, की देशमानेबाईंना वरखाली कवळी आहे.

तिनं डॉक्टर मेघांना फोन करून कसंबसं सांगितलं. त्या म्हणाल्या, नवीन करू, पण त्यासाठी दातांचं माप घ्यावं लागेल आणि मापाचा साचा आत जाईल एवढं तोंड आधी उघडलं पाहिजे. तोवर शेक, मऊ खाणं आणि जप. घाबरायचं नाही, घाबरलं की जबडा आणखी आवळतो.

संध्याकाळी मनकर्णाबाई परत आल्या. चेहरा काशी करून आल्यासारखा उजळलेला. शिवराज त्यांना दारात सोडून लगेच गेला. त्यांनी लेकीला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "केलं बाई मोकळं त्यायला."

दीपमालानं भुवया वर केल्या.

"तुला बोलनार नाय मी. लेकीचा जीव असतो बापावर. पर फोटू ठेवावा, घड्याळ ठेवावं. दात ठेवत्यात का गं? वरीस झालं, मानूस तिथं नुसतं बोळकं घेऊन बसलंय. लोक ताटं वाढतेत आन् हे बगत बसतेत." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "टोक्याला संगमावर सोडली. पान्यात राहून राहून पार रंग उडाला व्हता बग तिचा, काचंवानी झाली व्हती. आन् तुजं तोंडबी त्याच्यानंच बसलं. त्यांचे दात कोंडून ठेवले, तुजे बसले."

दीपमालाच्या सगळं ध्यानात आलं. माय, ती माझी होती, एवढंच वाक्य म्हणायचं होतं. साधं वाक्य, एकही कठीण शब्द नाही. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न येणार: मग त्यांची कुठंय? आणि माय उठून शब्दकोशांच्या मागं हात घालणार. तिनं ओठ मिटले. दात सोडायचे राहिले.

पुढचे दिवस मनकर्णाबाई तिथंच राहिल्या. मिठाची पुरचुंडी आणि वावडिंग, दोन्ही जोरात. एक बोटाचं दीड झालं, दीडाचं दोन. माप घेऊन झालं, नवी स्प्लिंट आली. डॉक्टरांनी विचारलं, पहिली कुठं हरवली? दीपमाला म्हणाली, वडिलांना दिली. डॉक्टरांनी केसपेपर मिटला. वडील गेल्याचं त्यांना माहीत होतं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पहाटे निघताना दीपमालानं चष्म्याची डबी पर्समध्ये टाकली. रात्रभर जागून तिनं ठरवलं होतं, की आज जर कावळा शिवला नाही, तर सगळ्यांसमोर डबी काढायची. मायनं दुसरं वर्ष त्या घोरात काढायचं, हे काही बरोबर नव्हतं. ठरवलं होतं खरं. पण देवगावपर्यंत तिचा हात पर्सवरून हलला नाही. एखाद्या आजारी माणसाला गाडीतून नेताना धरावं, तसा तिनं तो धरून ठेवला होता.

गच्चीवर पान ठेवलं. भात, वरण, पुरणपोळी, वडे, भजी. भावकी माना वर करून उभी राहिली. शिवराजनं हात जोडले आणि मागच्या वर्षीची कबुली पहिल्यापासून सुरू केली. तंबाखूपाशी आल्यावर त्याचा आवाज जरा खाली आला.

तेवढ्यात कावळा आला. बोलावल्यासारखा थेट पानावर उतरला. मागून आणखी दोन. पहिल्यानं वड्यांकडं ढुंकून बघितलं नाही, भज्यांना टोच मारली नाही. वरणानं भिजलेला मऊ भात उचलला आणि तोच खात राहिला.

"पावले," मनकर्णाबाई म्हणाल्या. "दात पावले त्यायला."

सगळे हुश्श करून खाली पंगतीच्या तयारीला गेले. दीपमाला मात्र त्या भाताकडं बघत राहिली. बरोबरच होतं. स्प्लिंट लावल्यावर मऊच खायचं असतं. आबा तिकडं नाल चढवून, ओठ मिटलेले, दात सुटलेले, असे शहाण्यासारखे बसलेत असं चित्र तिच्या डोळ्यांपुढं आलं आणि तिला हसू फुटलं. वर्षभरात ती अशी हसली नव्हती. हसता हसता डोळे भरून आले, आणि जबड्यात कट् झालं.

"काय झालं गं?" मायनं विचारलं. गच्चीवर आता दोघीच होत्या.

दीपमालानं डबी काढून तिच्या हातात दिली. "माय, टोक्याला तू सोडलीस ती माझी होती. दातांच्या डॉक्टरांनी दिलेली. आबांची ही."

मनकर्णाबाईंनी डबी उघडली. मग कवळी बाहेर काढली आणि पदराच्या टोकानं पुसायला लागल्या. आधी वरची, मग खालची, आतून, बाहेरून, रोज पुसायच्या तशा. दीपमाला उभी राहिली. आता कवळी पाण्यात जाणार, तिला वाटलं.

"ह्यो हितला दात बग," माय म्हणाली. "लई पुढं आलाय म्हनून भांडले व्हते त्या डाक्टरसंग."

"आठवतंय."

"हसायचे तवा आधी ह्योच दिसायचा."

कावळा अजून भात खात होता. मनकर्णाबाईंनी त्याच्याकडं बघितलं, कवळीकडं बघितलं, परत कावळ्याकडं बघितलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आगं, मंग ह्यो कसा शिवला?"

दीपमालानं एवढी पुस्तकं वाचली होती, त्यांत कुठं हे दिलेलं नव्हतं.

मायनं पुष्कळ विचार केला. मग कवळी डबीत ठेवली, झाकण लावलं आणि डबी लेकीच्या पर्समध्ये परत घातली. "राहू दे मंग तुज्याकडंच. त्यांचं काय अडलेलं दिसत नाय." जिन्याशी जाऊन त्या वळल्या. "शिवराजला सांगू नको मातर. लेकरानं टोक्यापातूर पेट्रोल जाळलंय."

पंगतीत दीपमालानं पुरणपोळी खाल्ली. भावकीसमोरच. दुधात कुस्करून.

पुढच्या भेटीला मनकर्णाबाई तिच्याबरोबर दवाखान्यात आल्या. नवी स्प्लिंट आता भोकाभोकांच्या प्लास्टिकच्या डबीत असायची, आणि त्या डबीवर दीपमालानं जाड पेनानं आपलं नाव, आडनाव आणि फोन नंबर लिहिला होता. डॉक्टरांनी कानांपुढं बोटं ठेवली, उघडझाप करून घेतली आणि तीन बोटं उभी घालून बघायला सांगितलं. तिन्ही गेली. डॉक्टर खूश झाल्या. म्हणाल्या, इतक्या लवकर एवढा फरक पडत नाही सहसा, नेमकं काय केलंत?

"वावडिंग," मनकर्णाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी दीपमालाकडं बघितलं. दीपमालाच्या तोंडात तिचीच तीन बोटं होती, त्यामुळं तिला काही बोलता आलं नाही.